दोन किलोंचे पिस्तूल खिशात आणणारा सॅम्युअल कोल्ट

भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील सहावे कलम अगदी त्रोटक आहे. परवान्याशिवाय कोणीही अग्निशस्त्राची नळी आखूड करू नये आणि खोट्या शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करू नये, असा त्याचा मुख्य आशय. शस्त्र बाळगणे, बनविणे, विकणे यांसाठी निराळी कलमे आहेत. तरीही करवत आणि कानस एवढ्या सामग्रीवर होऊ शकणाऱ्या या कामाला कायदेकर्त्यांनी स्वतंत्र जागा दिली, याला कारण आहे. लांब नळीचे शस्त्र दुरून दिसते आणि समोरच्याला सावध करते. आखूड नळीचे शस्त्र कोटाखाली दडते. रिव्हॉल्वरचा घोड्याच्या खोगिरापासून माणसाच्या खिशापर्यंतचा हा प्रवास ज्याच्या हयातीत आणि ज्याच्या कारखान्यात सर्वाधिक झाला, त्या सॅम्युअल कोल्टचे नाव आपल्याकडे इंग्रजी चित्रपटांमुळे पुष्कळांना ठाऊक असते. त्याचे आयुष्य मात्र त्या चित्रपटांपेक्षा अधिक विचित्र होते.

१९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड गावी त्याचा जन्म झाला. आडनावाचा अर्थ शिंगरू, आणि पुढे उधळलेले शिंगरू हीच त्याच्या कारखान्याची मुद्रा झाली. वडील ख्रिस्तोफर व्यापारी होते. व्यापारात ते बुडाले. सॅम्युअल सहा-सात वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. सावत्र आई आली, आणि अकराव्या वर्षी मुलाची रवानगी शेजारच्या ग्लास्टनबरी गावातील एका शेतकऱ्याकडे कामाला झाली. तेथे शाळेपेक्षा शास्त्रीय माहितीचा एक कोश त्याच्या हाती अधिक वेळ असे. बंदुकीची दारू, विजेचे घट, पाण्याखालचा स्फोट असले विषय त्याने त्यात वाचले आणि ते करून पाहण्याची त्याला खोड लागली.

१८२९ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधील वेअर गावी, वडिलांच्या कापड गिरणीत होता. चार जुलैच्या राष्ट्रीय सणाला आपण तळ्यातला तराफा आकाशात उडवून दाखवू, अशी पत्रके या पंधराव्या वर्षातल्या मुलाने वाटली. स्फोट झाला, पण तराफा हलला नाही. तळ्यातला चिखल सणाच्या कपड्यांत आलेल्या गर्दीवर उडाला. चिडलेल्या लोकांपासून त्याला एलिशा रूट नावाच्या तरुण यंत्रकाराने वाचविले, असे सांगतात. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; ते पुढे पुन्हा येणार आहे. नंतर अॅमहर्स्ट येथील शाळेतही असाच आतषबाजीचा प्रकार अंगाशी आला आणि शिक्षण तेथेच संपले.

अशा मुलाचे काय करायचे, या प्रश्नाला त्या काळच्या किनारी अमेरिकेत एक ठराविक उत्तर होते: जहाजावर धाडणे. १८३० च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांचा सॅम्युअल बोस्टनहून कोर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला. जहाज जाणार होते कलकत्त्याला. या सफरीत त्याने लाकूड कोरून फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा नमुना केला. त्याला ही कल्पना जहाजाच्या सुकाणूचे चाक पाहून सुचली असे कोणी सांगतो, तर नांगर ओढण्याच्या रहाटावरून सुचली असे दुसरा. चाक कोणत्याही स्थितीत फिरवून अडकविता येते, हे दोन्ही कथांतले सूत्र एकच. बोस्टनच्याच एलिशा कोलिअर याने त्यापूर्वी लंडनमध्ये गारगोटीच्या चापाची फिरत्या चक्राची शस्त्रे बनविली होती आणि त्यांतील काही हिंदुस्थानातील इंग्रज फौजेकडे आली होती. त्यामुळे कोल्टने अशी शस्त्रे आपल्या या प्रवासातच पाहिली असावीत, असा तर्क काही अभ्यासक करतात. कोल्टने स्वतः मात्र आपली कल्पना स्वतंत्र असल्याचेच आयुष्यभर सांगितले. तो लाकडी नमुना आजही हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ संग्रहालयात आहे.

परत आल्यावर वडिलांनी पैसे दिले आणि हार्टफर्डच्या अॅन्सन चेस या कारागिराकडून एक पिस्तूल व एक रायफल करवून घेतली. रायफल चालली, पिस्तूल पहिल्याच बाराला फुटले. वडिलांचा हात आखडला. पुढे जे घडले ते कोणत्याही शोधकाच्या चरित्रात क्वचित सापडेल. कोल्टने एक हातगाडी घेतली, वेअरच्या गिरणीत शिकलेल्या रसायनशास्त्राच्या आधारे हसविणारा वायू तयार केला आणि न्यूयॉर्क, लंडन व कलकत्त्याचे डॉक्टर कूल्ट असे भपकेदार नाव लावून तो गावोगाव प्रयोग करीत हिंडला. लोक पैसे देऊन वायू हुंगत, वेडेवाकडे नाचत, आणि बाकीचे हसत. खलाशी म्हणून पाहिलेले कलकत्ता या जाहिरातीत विद्वत्तेचे प्रमाणपत्र झाले. तीनेक वर्षे हा उद्योग चालला. मिळालेला पैसा बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन या बंदूक-कारागिराकडे जाई. तोही वेळेवर नाही. पिअर्सनने तुटपुंज्या आणि थकलेल्या मजुरीबद्दल वारंवार तक्रार केली. कोल्टची पहिली खरोखर चालणारी रिव्हॉल्वर या माणसाच्या हातची आहेत, हे कोल्टच्या जाहिरातींत कुठे आले नाही.

१८३५ मध्ये इंग्लंडचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट त्याला मिळाले. फिरते चक्र ही कल्पना त्याची नव्हती. त्याचे खरे श्रेय जोडणीत आहे. घोडा अंगठ्याने मागे ओढला की चक्र आपोआप एक घर पुढे सरकते आणि नळीच्या नेमक्या रेषेत येऊन कुलूपबंद होते. एका घराच्या केपाची ठिणगी शेजारच्या घराला लागू नये म्हणून मध्ये आडोसे. एवढ्या दोन गोष्टी साधल्यावर हाती असलेल्या पाच-सहा गोळ्या भरवशाच्या झाल्या. त्यापूर्वी पिस्तूल म्हणजे एक बार, फार तर दोन. मग पुन्हा दारू ओता, गोळी ठासा, केप बसवा.

न्यू जर्सीतील पॅटरसन येथे भांडवलदारांच्या मदतीने कारखाना उभा राहिला. चुलतभाऊ डडली सेल्डन व्यवस्था पाहत होता आणि कोल्टच्या मेजवान्यांचा खर्च पाहून कपाळाला हात लावीत होता. पॅटरसनचे पिस्तूल नाजूक: पाच घरे, आणि घोडा ओढल्यावरच बाहेर येणारा लपता चाप. सुरुवातीच्या नमुन्यांत गोळ्या भरण्यासाठी नळीच सोडवावी लागे. १८३९ नंतर नळीखाली ठासणीचा दांडा बसविला गेला. १८३७ च्या आर्थिक मंदीने गिऱ्हाईक आटले. लष्कराच्या चाचणीत हे यंत्र फार गुंतागुंतीचे ठरले. फ्लोरिडात सेमिनोल जमातीशी युद्ध चालू होते. कोल्ट स्वतः तेथे गेला आणि पन्नास रायफली विकून आला. परतताना त्याची नाव किनाऱ्यावर उलटली, तो कसाबसा वाचला, पण पैशांचा कागद समुद्रात गेला. १८४२ मध्ये कारखाना बंद पडला.

त्याच वर्षी घरातही अनर्थ झाला. थोरला भाऊ जॉन हा हिशेबलेखनाच्या पुस्तकाचा लेखक. छपाईच्या बिलावरून झालेल्या भांडणात त्याने सॅम्युअल अॅडम्स नावाच्या मुद्रकाला कुऱ्हाडीने ठार केले आणि प्रेत पेटीत घालून जहाजाने रवाना करण्याचा प्रयत्न केला. खटला न्यूयॉर्कभर गाजला. खून कोल्टच्या पिस्तुलाने झाला असावा असा संशय सरकारपक्षाने घेतला, तेव्हा सॅम्युअलने न्यायालयात स्वतःचे पिस्तूल चालवून दाखवले. भावाचा जीव वाचविण्याचा प्रयत्न आणि मालाचे प्रात्यक्षिक एकाच वेळी चालले होते. त्याच्या मनात त्या क्षणी यांतले काय वरचढ होते, हे ठरविणे कठीण. १८ नोव्हेंबर १८४२ हा फाशीचा दिवस. त्या दिवशी जॉनने तुरुंगात कॅरोलिन हेनशॉ हिच्याशी लग्न केले आणि काही तासांत तो कोठडीत छातीत सुरा खुपसलेल्या स्थितीत मेलेला आढळला. कॅरोलिनच्या मुलाला सॅम्युअलने पुतण्या म्हणून वाढविले आणि मृत्युपत्रात त्याला मोठी रक्कम ठेवली. मुलगा मुळात सॅम्युअलचाच, अशी कुजबुज तेव्हाही होती आणि चरित्रकारांनी ती पुढे चालवली आहे.

पुढची चार-पाच वर्षे पिस्तूल नाही. या काळात कोल्टने बंदराच्या संरक्षणासाठी विजेने उडणारे पाण्याखालचे सुरुंग तयार केले, सॅम्युअल मोर्सच्या सहवासात पाण्याखालून नेण्याच्या तारांवर काम केले आणि १८४४ मध्ये पोटोमॅक नदीत पुढाऱ्यांच्या देखत एक चालते जहाज उडवून दाखवले. वेअरच्या तळ्यावर न हललेला तराफा पंधरा वर्षांनी असा उडाला. सरकारने मात्र ती योजना घेतली नाही.

त्याला पुन्हा उभे केले टेक्सासने. तेव्हाच्या स्वतंत्र टेक्सासच्या नौदलाने पॅटरसनची काही पिस्तुले घेतली होती. ती फिरत फिरत रेंजर्स नावाच्या घोडदळाकडे आली. १८४४ मध्ये जॅक हेज याच्या पंधराएक स्वारांनी त्यांच्या कित्येक पट कोमांची योद्ध्यांना या पिस्तुलांच्या बळावर मागे रेटले. कोमांची धनुर्धर धावत्या घोड्यावरून एकामागून एक बाण सोडी. एक बार काढून थांबणाऱ्या गोऱ्या स्वाराला तोवर उत्तर नव्हते. कोल्टच्या यंत्राने ते दिले, आणि कोमांचींच्या भूमीचा पुढचा इतिहास त्या उत्तरातूनच लिहिला गेला. अमेरिकन ग्रंथांत ही लढाई शौर्यकथा म्हणून येते. गमावलेल्या बाजूने पाहिले तर ती दुसरी काही दिसते.

त्या लढाईत जखमी झालेला सॅम्युअल वॉकर हा १८४६ मध्ये मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात कॅप्टन होता. त्याने कोल्टशी संधान बांधले आणि स्वाराला काय हवे ते नेमके सांगितले: अधिक जाड गोळी, सहा घरे, बाहेर असलेला भक्कम चाप, नळीखाली ठासणी. जानेवारी १८४७ मध्ये सरकारने एक हजार पिस्तुले मागविली. कोल्टजवळ ना कारखाना होता ना पैसा. नमुन्यादाखल स्वतःचे जुने एक पिस्तूलही त्याला धड सापडेना, अशी आख्यायिका आहे. त्याने एली व्हिटनी धाकट्याच्या कारखान्यात ते काम करून घेतले. तयार झालेले शस्त्र म्हणजे एक राक्षस होते. नळी ९ इंच, एकूण लांबी साडेपंधरा इंच, वजन दोन किलोंहून किंचित अधिक. एका घरात ६० ग्रेन दारू मावे. ते कमरेला लावण्यासारखे नव्हतेच. खोगिराच्या दोन्ही बाजूंना कातडी म्यानांतून ते घोडाच वाहून नेई.

हा राक्षस मालकावरही उलटे. दारू ठासून भरली की काही चक्रे फुटत. बार उडाल्याच्या धक्क्याने ठासणीचा दांडा सुटून खाली लोंबे आणि चक्र अडे. वॉकर स्वतः ऑक्टोबर १८४७ मध्ये उआमांत्ला येथे मारला गेला. आपल्या नावाचे पिस्तूल त्याला जेमतेम काही दिवस वापरायला मिळाले. १८४८ मध्ये कोल्टने हार्टफर्डला स्वतःच्या जागेत काम सुरू केले, तेव्हा पहिली दुरुस्ती केली ती येथे. चक्र आखूड केले, त्यामुळे दारू कमी मावू लागली. नळी ९ इंचांवरून साडेसात इंचांवर आणली. दांड्याची खिट्टी मजबूत केली. दीड इंच कमी झाला आणि शस्त्र सुधारले. हे ड्रॅगून पिस्तूल तरीही घोडेस्वाराचेच राहिले, पण दिशा ठरून गेली होती.

पुढच्या दोन-तीन वर्षांत कोल्टने ज्या गोष्टीतून खरी संपत्ती केली ती ही: एकच यंत्ररचना लहान करीत जाणे आणि नळी गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे कापणे. १८४९ चे खिशातले पिस्तूल ३, ४, ५ आणि ६ इंच नळीत मिळे. कॅलिफोर्नियात सोन्याची लूट सुरू झाली होती. खाणीवर जाणारा, टपालगाडीने प्रवास करणारा, जुगाराच्या अड्ड्यावर बसणारा प्रत्येक जण त्याचे गिऱ्हाईक. हा एक नमुना १८७३ पर्यंत तीन लाखांहून अधिक संख्येने विकला गेला. सेनापतींच्या मागण्यांवर उभा राहिलेला कारखाना पेढीवाल्यांच्या, दुकानदारांच्या आणि भित्र्या प्रवाशांच्या मागणीवर श्रीमंत झाला, हे त्याच्या चरित्रातले फारसे न सांगितले जाणारे सत्य आहे. १८५१ चे साडेसात इंची नेव्ही पिस्तूल प्रसिद्धी मिळवून गेले. तिजोरी भरली ती आखूड नळ्यांनी.

तीन इंची नमुन्यातील एका प्रकाराला ठासणीचा दांडाच नाही. त्याचे कारण यंत्ररचनेत आहे. कोल्टच्या त्या काळच्या पिस्तुलाला वरून पट्टी नाही. नळी चौकटीला एका आडव्या पाचरीने जोडलेली असते. पाचर ठोकून काढली की नळी पुढून निघून येते. ठासणीचा दांडा नळीखाली आडवा पडून नळीच्या तोंडाजवळच्या खुंटीत अडकतो. नळीच आखूड केली की दांड्याला जागा उरत नाही. मग गोळ्या भरायच्या तर नळी आणि चक्र काढायचे आणि चौकटीच्या मधल्या कण्याच्या टोकाने गोळी दाबून बसवायची. म्हणजे पाच बार झाले की घरी जाऊन टेबलाशी बसावे लागणार. खिशातल्या पिस्तुलाच्या गिऱ्हाइकाला ते चालत असे. त्याचे भांडण पाच बारांत मिटायचे किंवा तो तरी मिटायचा.

कारखान्याने केले ते गावच्या लोहाराने अधिक स्वस्तात केले. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, तेव्हा घरी जाणाऱ्या सैनिकांना आपले शस्त्र ठेवून घेण्याची मुभा मिळाली; रिव्हॉल्वरची किंमत आठ डॉलर ठरली होती. अशी हजारो लांब पिस्तुले खेड्यापाड्यांत, शहरांच्या गल्ल्यांत पोहोचली. नवे खिशातले पिस्तूल घेण्याची ऐपत नसलेल्याने जुने लष्करी पिस्तूल कापून घेतले. संग्रहालयांत आणि लिलावांत आज अशी तोकडी केलेली कोल्ट पिस्तुले दिसतात. काहींची नळी चक्राहून जेमतेम लांब, दांडा गायब, माशीच्या जागी पितळेचा टिकला. कारागिराचा हात त्यांत लगेच ओळखता येतो. नळीचे तोंड हा गोळीला शेवटचा स्पर्श करणारा भाग. तो काटकोनात आणि गुळगुळीत नसेल तर बाहेर पडताना गोळीला एका बाजूने अधिक धक्का बसतो आणि नेम चुकतो. शिवाय वायूचा रेटा गोळीला नळीत असेपर्यंतच मिळतो. नळी कापली की वेग घटतो, न जळलेली दारू बाहेर भडकते, आणि माशी डोळ्याजवळ आल्याने नेमातील लहान चूक मोठी होते. म्हणजे कापलेले पिस्तूल दूरच्या माणसासाठी निकामी आणि जवळच्यासाठी तितकेच घातक. आठ डॉलर आणि लोहाराची मजुरी यांत विकत मिळत होते ते लपविणे. आपल्या कायद्याचे सहावे कलम नेमके याच सौद्याकडे पाहते.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टच्या मांडणीपुढे गर्दी लोटली. त्या वर्षी त्याने तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे व्याख्यान दिले. १८५३ मध्ये थेम्सकाठी पिमलिको येथे त्याचा कारखाना सुरू झाला. यंत्रांवर काम करणारी बहुतेक माणसे बंदुकीच्या धंद्यातली नव्हतीच. हे नवल पाहून चार्ल्स डिकन्सच्या नियतकालिकाने त्यावर लेख छापला, आणि संसदेच्या समितीने कोल्टची साक्ष घेतली. सर्व सुटे भाग एकमेकांच्या जागी बसतात, हा त्याचा दावा मात्र जाहिरातीपुरता खरा होता. प्रत्यक्षात शेवटची जुळवणी कानशीनेच होई, आणि म्हणूनच प्रत्येक पिस्तुलाच्या निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असे. क्रायमियाच्या युद्धात इंग्रज सरकारने त्याच्याकडून हजारो नेव्ही पिस्तुले घेतली. युद्ध संपताच मागणी ओसरली, स्थानिक प्रतिस्पर्धी रॉबर्ट अॅडम्सची पिस्तुले पुढे आली आणि लंडनचा कारखाना गुंडाळला गेला. १८५७ च्या उठावात हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि अॅडम्स या दोन्ही जातींची शस्त्रे होती.

धंद्यात तो निष्ठुर होता. मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीने फिरत्या चक्राची पिस्तुले काढली, तेव्हा १८५१ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात त्याने तिला नमविले आणि १८५७ पर्यंत अमेरिकेत मक्तेदारी राखली. राजेरजवाड्यांना सोन्याने मढविलेली पिस्तुले नजर करणे हा त्याचा आवडता मार्ग. रशियाच्या झारला एक, तुर्कस्तानच्या सुलतानाला दुसरे. आणि ते दोघे एकमेकांशी युद्धात. एकाला दिलेली भेट दुसऱ्याला हळूच कळेल, अशी व्यवस्था तो करी. कर्नल ही पदवी कनेक्टिकटच्या गव्हर्नराने राजकीय मैत्रीतून दिलेली. लढाई त्याने कधी पाहिली नाही.

याच माणसाने हार्टफर्डला कनेक्टिकट नदीच्या पूरक्षेत्रात सुमारे तीन किलोमीटरचा बांध घातला, माती धरून राहावी म्हणून त्यावर वाळुंजाची झाडे लावली, आणि झाडे वाढल्यावर त्यांच्या काटक्यांपासून टोपल्या व खुर्च्या विणण्यासाठी जर्मनीहून कारागीर कुटुंबे आणून वसविली. १८५५ मध्ये बांधाआड उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या माथ्यावर निळा, सोनेरी ताऱ्यांचा, कांद्याच्या आकाराचा घुमट होता. जणू मॉस्कोतून उचलून आणलेला. कामाचे तास दहा, मध्ये तासाभराची सुट्टी, कामगारांसाठी सभागृह. त्याचबरोबर, निवडणुकीत विरोधी मत देणाऱ्यांना कामावरून काढल्याचे आरोपही त्याच्यावर झाले. कारखान्याचा कणा होता एलिशा रूट, वेअरच्या तळ्याकाठचा तोच तरुण. १८४९ मध्ये भरघोस पगार देऊन कोल्टने त्याला आणले. रूटच्या यंत्रशाळेत शिकलेल्या फ्रान्सिस प्रॅट आणि अॅमॉस व्हिटनी यांनी पुढे आपली जगप्रसिद्ध यंत्रकंपनी काढली. पिस्तुलाने किती माणसे मारली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण घड्याळांपासून शिलाई यंत्रांपर्यंत अमेरिकी कारखानदारीच्या अचूकतेचा एक उगम या घुमटाखाली आहे, हे नाकारता येत नाही.

त्याची मोठी चूक मात्र याच कारखान्यात घडली. येथे काम केलेल्या रोलिन व्हाइट याने आरपार छिद्राचे चक्र काढले, ज्यात मागून तयार काडतूस भरता येते. १८५५ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि ते स्मिथ आणि वेसन या प्रतिस्पर्ध्यांच्या कामी आले. दारू, गोळी आणि केप वेगवेगळे भरण्याचा काळ संपत आला होता. पण कोल्टच्या कंपनीला १८६९ पर्यंत हात चोळीत थांबावे लागले. पेटंटच्या जोरावर दुसऱ्यांना अडविणाऱ्याला ते शस्त्र असे परत लागले.

५ जून १८५६ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने एका धर्मोपदेशकाच्या मुलीशी, एलिझाबेथ जार्व्हिसशी लग्न केले. मधुचंद्राला ते रशियात झार दुसरा अलेक्झांडर याच्या राज्यारोहणाला गेले. परत आल्यावर आर्म्सस्मिअर नावाचा प्रासाद उभा राहिला. त्या प्रासादात मुले जन्मत आणि जात. पहिला मुलगा १८५७ मध्ये तान्हेपणीच गेला, मुलगी १८६० मध्ये. स्वतः कोल्टला संधिवाताने ग्रासले होते.

देश यादवीकडे चालला होता आणि कोल्टचा माल दक्षिणेकडे. गुलामगिरीच्या बाजूने तो बोलला असे नाही; ती त्याला अडचणीची, तोट्याची पद्धत वाटे, आणि फुटीच्या भीतीने येणाऱ्या मागण्या फायद्याच्या. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांपर्यंत त्याची शस्त्रे दक्षिणेकडे रवाना झाली. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी त्याच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला. मग त्याने संघराज्यासाठी स्वतःच्या रायफलींनी सज्ज अशी पलटण उभारण्याची तयारी दाखवली. मे महिन्यात नेमणूक झाली, जूनमध्ये ती संपलीही. कारखाना रात्रंदिवस चालू लागला. १० जानेवारी १८६२ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. मागे सुमारे दीड कोटी डॉलरची मालमत्ता राहिली.

त्याच जानेवारीत धाकटी मुलगी हेन्रिएटाही गेली. पतीच्या मृत्यूसमयी एलिझाबेथ गरोदर होती. ते मूल मृत जन्मले. उरला तीन वर्षांचा कॅल्डवेल. १८६४ च्या फेब्रुवारीत कारखान्याला आग लागली आणि निळा घुमट कोसळला. आगीच्या वेळी सदतीस वर्षांच्या असलेल्या या विधवेने तो घुमटासह पुन्हा बांधला. १८७३ मध्ये तेथून निघालेले, काडतुसाचे सुप्रसिद्ध पिस्तूल प्रथम साडेसात इंची होते, मग साडेपाच, मग पावणेपाच; आणि पुढे शेरिफ किंवा दुकानदार या नावाने काडतूस काढण्याचा दांडाही गाळलेले, त्याहून तोकडे. विसाव्या शतकात कंपनीच्याच जॉन हेन्री फिट्झगेराल्ड याने नळी दोन इंचांवर आणून, घोड्याचे बोंड छाटून, चापाच्या कड्याचा पुढचा भाग कापून कोटाच्या खिशासाठी पिस्तुले घडविली. १९२७ मध्ये कारखान्याने स्वतःच दोन इंची नळीचे डिटेक्टिव्ह पिस्तूल बाजारात आणले.

एलिझाबेथने पती आणि गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ कामगारवस्तीजवळ एक चर्च बांधविले. ते १८६९ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या एका दारावर, जिथे इतरत्र द्राक्षवेली आणि देवदूत असतात तिथे, दगडात कोरलेली पिस्तुले आहेत. सोबत चक्रे आणि गोळ्यांचे साचे. कारखान्याचे कामगार रविवारी या दाराने आत जात. कॅल्डवेल १८९४ मध्ये पस्तिसाव्या वर्षी फ्लोरिडात वारला. एलिझाबेथ त्यानंतर अकरा वर्षे जगली. १९०५ मध्ये जाताना तिने प्रासाद विधवांच्या निवासासाठी, बाग शहरासाठी आणि शस्त्रांचा संग्रह संग्रहालयासाठी ठेवला.